परसदारातून त्रिकोण दीर्घिकेचा फोटो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आमचं बैठं घर आहे. मागे परसदार, त्यात एक शेवगा, कपडे वाळत घालायची तार आणि दुर्बिणीचं तिकाटणं मावेल एवढी फरशी. तिथूनच मी ८० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून त्रिकोण दीर्घिकेचे फोटो काढते. फोटो पाहिले की लोक तेच तेच प्रश्न विचारतात. ज्यांचे चंद्राचे, शनीचे फोटो काढून झालेत आणि ज्यांना आता दूरच्या अंधूक गोष्टींकडे वळायचं आहे, त्यांच्यासाठी ही उत्तरं एका जागी ठेवते आहे.

त्रिकोण दीर्घिका म्हणजे नेमकी कोणती?

फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मेसिए याने केलेल्या अंधूक वस्तूंच्या यादीतली ३३ वी, म्हणून एम ३३. शार्ल मेसिएने तिची नोंद २५ ऑगस्ट १७६४ रोजी केली. ती आपल्यापासून सुमारे २७ लाख प्रकाशवर्षांवर आहे. आपली आकाशगंगा, देवयानी आणि ही, अशा तीन मोठ्या दीर्घिका आपल्या स्थानिक समूहात आहेत. तिघींत ही धाकटी. व्यास साधारण ६० हजार प्रकाशवर्षं. तिचं तोंड बरंचसं आपल्याकडे आहे, त्यामुळे सर्पिल हात उलगडून दिसतात. देवयानी आपल्याला तिरकी, जवळजवळ कडेने दिसते, म्हणून तिचे हात असे मोकळे दिसत नाहीत.

ती ५.७ प्रतीची आहे असं वाचलं. मग अंधूक कशी?

बहुतेक जणांची फसगत होते ती इथेच. माझीही पहिली दोन वर्षं झाली होती.

प्रत म्हणजे उजळपणाचं माप: आकडा जितका मोठा तितकी वस्तू अंधूक, आणि एका प्रतीच्या फरकाने उजेड सुमारे अडीचपट बदलतो. ५.७ हा आकडा सगळ्या दीर्घिकेचा प्रकाश एका बिंदूत गोळा केला तर किती उजळ दिसेल ते सांगतो. पण हा प्रकाश एका बिंदूत नाही. तो जवळपास ७० कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) लांब आणि ४० कला रुंद अशा पट्ट्यावर पसरलेला आहे. पूर्णचंद्र ३० कलांचा असतो. म्हणजे लांबीत दोन चंद्रांहून जास्त आणि क्षेत्रफळात तीन. वाटीभर तूप परातभर पसरलं तर प्रत्येक ठिकाणी नुसता ओशट हात लागतो, तसं.

हिशेब करून पाहू. ५.७ प्रतीचा प्रकाश एवढ्या क्षेत्रात वाटला तर प्रत्येक चौरस विकलेच्या (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) वाट्याला सरासरी २३ प्रतीचा उजेड येतो. मध्यम शहराच्या आकाशाचा स्वतःचा उजेड दर चौरस विकलेला १९ प्रत धरला तर फरक चार प्रतींचा होतो. म्हणजे दीर्घिका जिथे आहे तिथे तिच्या प्रकाशाच्या चाळीसपट उजेड रस्त्यावरच्या दिव्यांचा आहे. आपल्याला या चाळीसमधून तो एक वेगळा काढायचा आहे. या पानावरचं पुढचं सगळं त्या एकासाठी आहे.

दुर्बिणीला डोळा लावून दिसेल का?

शहरातून नाही. दूर खेड्यात, अमावास्येला, साध्या द्विनेत्रीतून फिकट धुरकट डाग म्हणून दिसते, आणि फार काळ्या आकाशात तीक्ष्ण नजरेच्या माणसाला नुसत्या डोळ्यांनीही. परसदारातून मात्र मी तिला नेत्रिकेतून एकदाही पाहिलेलं नाही. फोटो मात्र दरवर्षी येतो.

कोणत्या महिन्यात आणि किती वाजता काढायचा?

पाऊस पूर्ण उघडला की. आमच्याकडे ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचा काळ तिचा. मध्य ऑक्टोबरला ती रात्री साडेबाराच्या सुमारास सर्वांत उंच येते, मध्य नोव्हेंबरला साडेदहाला, मध्य डिसेंबरला साडेआठला. साताऱ्यातून ती तेव्हा ७७ अंश उंच, खमध्याच्या, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूच्या, किंचित उत्तरेला असते. पश्चिम महाराष्ट्रात सगळीकडे जवळपास असंच. युरोपातल्या लोकांनाही ती उंच मिळते, पण आपल्यालाही इतकी उंच मिळते हे आपलं भाग्य, कारण डोक्यावरच्या हवेचा थर सर्वांत पातळ आणि शहराचा उजेडही तिथे सर्वांत कमी. ती ३० अंशांच्या खाली असताना मी फोटो घेत नाही. मध्य नोव्हेंबरला संध्याकाळी सातपासून पहाटे अडीचपर्यंत ती या मर्यादेच्या वर असते. एका रात्रीत सात तास म्हणजे चैन आहे.

चंद्र नको. भिंतीवरच्या कॅलेंडरवर अमावास्या बघा आणि तिच्या आधीचे-नंतरचे पाच-पाच दिवस धरा. आता आपल्याकडची एक खास अडचण. तिच्यासाठी उत्तम असलेली आश्विन अमावास्या म्हणजेच लक्ष्मीपूजन. चंद्र नाही, पण फटाक्यांचा धूर चार-पाच दिवस खाली बसत नाही आणि घरोघरी माळा लागलेल्या असतात. ते दिवस दिवाळीला द्यावेत. खरी रात्र कार्तिक अमावास्येची: हवा कोरडी झालेली असते, थंडी सुरू झालेली असते, आणि दीर्घिका जेवणं आटोपेपर्यंत डोक्यावर आलेली असते. मार्गशीर्ष अमावास्याही चालते, फक्त तेव्हा अंधार पडल्या पडल्या सुरुवात करावी लागते.

सामान काय लागतं? मोठी दुर्बीण घेऊ का?

आधी माउंट, म्हणजे दुर्बीण धरून फिरवणारा आधार घ्या, मग दुर्बीण. हे मी प्रत्येकाला सांगते आणि दहातले आठ जण उलटं करतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश दर सेकंदाला १५ विकला सरकतं. माझ्या दुर्बिणीची नाभीय लांबी (फोकल लेंग्थ) ४८० मिलिमीटर आणि कॅमेऱ्याचा पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा. दोन्हींचा हिशेब केला तर एक पिक्सेल म्हणजे १.८५ विकला. मोटर बंद ठेवली तर या दीर्घिकेजवळचा तारा दर सेकंदाला सात पिक्सेल सरकेल. दोन मिनिटांच्या फोटोत तो जागेवर ठेवायचा तर विषुववृत्तीय माउंट, म्हणजे अक्ष ध्रुवाकडे रोखून आकाशाबरोबर फिरणारा, चांगलाच हवा. डगमगत्या माउंटवरची मोठी दुर्बीण म्हणजे फक्त मोठा डगमगाट.

या दीर्घिकेला तर छोटीच दुर्बीण शोभते. ४८० मिलिमीटरला एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा) कॅमेरा जोडला की चौकट साधारण २.७ बाय १.८ अंशांची होते. दीर्घिका मध्यात बसते आणि भोवती श्वास घ्यायला जागा राहते. २००० मिलिमीटरच्या लांब दुर्बिणीत ती मावणारच नाही. माझा कॅमेरा जुना, सेकंड हँड घेतलेला १८ मेगापिक्सेलचा डीएसएलआर आहे. सोबत गायडिंगसाठी (एका ताऱ्यावर लक्ष ठेवून माउंटची चूक सतत सुधारण्यासाठी) एक छोटी दुर्बीण आणि छोटा कॅमेरा, एक लॅपटॉप आणि १२ व्होल्टची बॅटरी. बॅटरी यासाठी की मध्येच वीज गेली तरी माउंट थांबू नये. आणि वीज गेलेली ती वीस-तीस मिनिटं रात्रीतली सर्वांत उत्तम असतात.

मोबाइलने होईल का?

देवयानीचा पुसट ठसा काळ्या आकाशात मोबाइलवर येतो. ही नाही, निदान शहरातून नाही.

आमच्याकडून ध्रुवतारा दिसतच नाही. माउंट जुळवायचा कसा?

महाराष्ट्रातली ही खरी अडचण, आणि परदेशी पुस्तकांत तिचा उल्लेखही नसतो. ध्रुवतारा क्षितिजापासून आपल्या अक्षांशाएवढाच उंच असतो. साताऱ्यात जेमतेम पावणेअठरा अंश, नागपुरात एकवीस. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश झाकते; म्हणजे आमचा ध्रुवतारा दोन मुठींच्याही खाली. तिथे झाड असतं, कुणाच्या गच्चीवरची पाण्याची टाकी असते, आणि काही नसलं तर धुरकट हवा असते. माझ्या घरी टाकी आहे.

मार्ग दोन. पहिला सोपा: लॅपटॉपवर नीना नावाची मोफत प्रणाली घाला. तिच्यातली तीन बिंदूंची पद्धत आकाशात कुठेही तीन फोटो घेते, तारे ओळखते आणि माउंटचा अक्ष खऱ्या ध्रुवापासून किती कला हुकला ते सांगते. ध्रुवतारा दिसायची गरज नाही. नाहीतरी ध्रुवतारा नेमका ध्रुवावर नाहीच. तो सुमारे ३८ कला बाजूला आहे.

दुसरा मार्ग जुना आहे, पण त्यात आकाश समजतं. डोक्यावरून जाणाऱ्या दक्षिणोत्तर रेषेजवळचा, खगोलीय विषुववृत्तालगतचा एक तारा धरा आणि पाच मिनिटं बघा. तो उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकत असेल तर माउंट डावीकडे-उजवीकडे वळवायला हवा. मग पूर्व क्षितिजाकडचा तारा धरा. तो सरकत असेल तर माउंटचा अक्ष वर-खाली करायला हवा. दोन्हीकडचे तारे थांबले की झालं. पहिल्यांदा मला दीड तास लागला होता, आता वीस मिनिटं लागतात. फरशीवर तिकाटण्याच्या तिन्ही पायांच्या जागी मी ऑइलपेंटने ठिपके दिले आहेत, त्यामुळे दुसऱ्या रात्री निम्मं काम आधीच झालेलं असतं.

माउंट विकत घेताना एक तपासा: त्याचा अक्ष १६-१७ अंशांपर्यंत खाली येतो का, आणि तेवढा खाली आल्यावर वजनाचा दांडा तिकाटण्याच्या पायाला घासतो का. आपल्या अक्षांशावर तो घासू शकतो. उपाय साधा: तिकाटणं असं फिरवा की दांडा दोन पायांच्या मधून जाईल.

कॅमेऱ्यात काहीच दिसत नाही. दुर्बीण तिकडे वळवायची कशी?

देवयानी दीर्घिकेपासून निघा. देवयानी तारकासमूहातला मिराक हा नारिंगी तारा मध्यात धरा. मिराकच्या एका बाजूला आठ अंशांवर देवयानी दीर्घिका, आणि बरोबर विरुद्ध बाजूला सात अंशांवर आपली दीर्घिका. तराजूची दोन पारडी आणि मध्ये मिराक, असं मनात ठेवलं की विसरत नाही. दुसरी खूण म्हणजे त्रिकोणाच्या टोकाचा तारा. त्यापासून ती चार अंशांवर, मिराकच्या दिशेने.

मग ३० सेकंदांचा फोटो घ्या आणि तो अॅस्टॅप किंवा तत्सम प्रणालीला द्या. ती तारे ओळखून तुम्ही कुठे बघता आहात ते सांगते. आता बहुतेक जण हेच करतात. तरी एकदा तरी हाताने शोधा.

फोकस नेमका कसा करू?

मिराक किंवा मेषेतला हमाल नावाचा तारा घ्या, कॅमेऱ्याच्या पडद्यावर दहापट मोठा करा आणि तारा सर्वांत बारीक होईपर्यंत फिरवा. काळ्या कार्डशीटमधून तिरप्या फटी कापून बाख्तिनोव्ह मास्क करता येतो; तो तोंडावर लावला की ताऱ्यावर तीन रेघा दिसतात. मधली रेघ बरोबर मध्यात आली की फोकस झाला. रात्र थंड होत जाते तशी नळी आकसते, म्हणून दर तासाला पुन्हा बघा. कार्तिकात साताऱ्यात संध्याकाळ आणि पहाट यांच्यात फोकस हलतोच.

एका फोटोचं एक्सपोजर किती ठेवायचं?

एफ ६ च्या (नाभीय लांबी भिंगाच्या व्यासाच्या सहापट असलेल्या) दुर्बिणीने, शहरातून, आयएसओ ८०० वर ६० ते १२० सेकंद. हिस्टोग्रामचा, म्हणजे कॅमेऱ्यावरच्या उजेडाच्या आलेखाचा, डोंगर डाव्या कडेपासून सुटून साधारण पाव ते एक तृतीयांश जागेवर आला की पुरे. तो मध्याच्या पुढे गेला तर आकाशाचाच उजेड भरतो आहे आणि ताऱ्यांचे रंग जळून पांढरे होताहेत. फोटो रॉमध्येच घ्या, जेपीजीमध्ये मुळीच नको.

पहिला फोटो बघून निराश होऊ नका. माझ्या पडद्यावर तो असा दिसतो: सगळीकडे विटकरी-राखाडी धुकं, त्यावर तारे, आणि मध्यात, डोळे बारीक केले तर, काचेवर बोट पुसल्यासारखा एक डाग. हात नाहीत, रंग नाहीत. मी पहिल्यांदा तो डाग पुसायला खरोखरच भिंगावर फुंकर मारली होती. तोच डाग ती दीर्घिका असते.

एकूण किती वेळ लागेल?

कमीत कमी चार तास. आठ झाले तर छान. मी पंधरापर्यंत जाते.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. प्रकाश पावसाच्या थेंबांसारखा पडतो, कमी-जास्त. एकाच फोटोत आकाशाच्या उजेडातली ही कमी-जास्त चळवळ दीर्घिकेच्या उजेडाहून मोठी असते, म्हणून ती झाकली जाते. अनेक फोटो एकावर एक रचून सरासरी काढली की आकाश स्थिर होत जातं आणि दीर्घिका मात्र प्रत्येक फोटोत त्याच जागी असल्यामुळे टिकते. पण ही सुधारणा वेळेच्या वर्गमुळाने होते. फोटो दुप्पट स्वच्छ हवा तर वेळ चौपट द्यावा लागतो, तिप्पट स्वच्छ हवा तर नऊपट. म्हणून एका तासावरून चार तासांवर गेल्यावर जो फरक दिसतो, तो पुन्हा दिसायला सोळा तास लागतात.

छोट्या दुर्बिणीला जे जमत नाही ते वेळेला जमतं. आठ तास एका रात्रीत व्हायची गरज नाही. आज दोन, परवा तीन, पुढच्या अमावास्येला आणखी तीन. कॅमेऱ्याची दिशा तीच ठेवा. सगळे फोटो एकत्र रचता येतात. मागच्या मोसमातले माझे फोटो पाच रात्रींचे होते, पहिली रात्र आणि शेवटची रात्र यांच्यात सात आठवडे गेले होते. तो प्रकाश २७ लाख वर्षं चालत आलेला आहे, सात आठवडे आपणही देऊ शकतो.

दर दोन-तीन फोटोंनंतर दुर्बीण काही पिक्सेल इकडे-तिकडे हलवायला सांगा. याला डिदर करणं म्हणतात. नीना आणि गायडिंगची पीएचडी टू या मोफत प्रणाली मिळून ते आपोआप करतात. आपल्याकडे रात्रीही सेन्सर गरम असतो आणि गरम पिक्सेल लाल-निळे ठिपके टाकतात. डिदर केलं नाही तर रचल्यावर हेच ठिपके तिरप्या रेघा होऊन फोटोभर पावसासारखे पसरतात.

आणि दीर्घिका डोक्यावरून पलीकडे गेली की दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला घ्या. तसं केलं नाही तर नळी तिकाटण्याच्या पायावर आपटते.

डार्क आणि फ्लॅट खरंच लागतात का?

फ्लॅट, म्हणजे एकसारख्या उजेडाकडे बघून घेतलेले फोटो, लागतातच. डार्क घेतलेले बरे: झाकण लावून, त्याच एक्सपोजरने, त्याच तापमानाला वीस फोटो, म्हणजे रात्रीचं काम संपल्या संपल्या.

फ्लॅटबद्दल थोडं जास्त सांगते. भिंगाच्या कडेला उजेड कमी पडतो आणि सेन्सरवरच्या धुळीच्या प्रत्येक कणाची गोल सावली पडते. साध्या फोटोत हे कळत नाही, पण आपण चाळीसात एक इतका बारीक फरक ताणून मोठा करणार असतो, तेव्हा ती सावली दीर्घिकेपेक्षा ठळक होते. एका वर्षी मी कंटाळून फ्लॅट घेतले नाहीत. सहा तासांचे फोटो रचले आणि दीर्घिकेच्या खालच्या बाजूला एक काळसर कमान दिसली. दोन दिवस मी ती धुळीचा पट्टा समजून कौतुकाने बघत होते. तिसऱ्या दिवशी मोठा करून पाहिलं तर ते पुरतं वर्तुळ होतं, सेन्सरवरच्या कणाचं. सहा तास गेले. आता पहाटे, सूर्य उगवायच्या आधी, दुर्बिणीच्या तोंडावर धुतलेला पांढरा पंचा दुपदरी बांधते, ती उजळत्या आकाशाकडे वळवते आणि पंचवीस फ्लॅट घेते. कॅमेरा नळीत फिरवायचा नाही, फोकस हलवायचा नाही. सूर्य वर यायच्या आत झाकण लावायचं.

फिल्टर लावला की शहराचा उजेड जातो ना?

पूर्वी बराचसा जायचा. सोडियमच्या पिवळ्या दिव्यांचा प्रकाश काही ठरावीक रंगांतच असायचा, तेवढेच रंग गाळले की काम व्हायचं. आता रस्त्यांवर पांढरे एलईडी आले. त्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो, आणि दीर्घिकेचा प्रकाशही ताऱ्यांचाच, म्हणजे सगळ्या रंगांतला. दोघे एकाच चाळणीतून सारखेच गळतात. अरुंद पट्ट्याचा फिल्टर दीर्घिकेतल्या लाल तेजोमेघांसाठी (चमकणाऱ्या वायूच्या ढगांसाठी) कामाचा आहे, पूर्ण दीर्घिकेसाठी नाही. पहिल्या वर्षी फिल्टरवर पैसे घालू नका.

दव पडतं. काय करू?

भिंगाला हीटरची पट्टी बांधा. ती नसेल तर पुठ्ठ्याची लांब नळी करून दुर्बिणीच्या तोंडावर चढवा. दव बराच वेळ लांब राहतं. दव पडलेलं भिंग कधीही पुसू नका, हेअर ड्रायरची कोमट हवा द्या.

बाकी परसदारातल्या गोष्टी: पायात बूट घाला, कारण पावसाळ्यानंतर गवतात साप असतात. डासांची कॉइल वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा, तिचा धूर नळीसमोरून गेला की तो फोटो वाया. आणि पावसाळ्याचे चार महिने दुर्बीण हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. आमच्या पावसात भिंगावर बुरशी धरायला एक जुलै पुरतो.

संगणकावर पुढे काय करायचं?

सिरिल वापरा. मोफत आहे आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुरते. क्रम असा ठेवा: आधी वाईट फोटो हाताने काढून टाका, म्हणजे ढग आलेले, विमान गेलेले, तारे लांबुळके झालेले. मग फ्लॅट-डार्क लावून सगळे रचा. मग आकाशाचा उतार काढा. शहराच्या बाजूला उजेड जास्त असतो आणि तो फोटोत एका कोपऱ्यातून चढत येतो. ग्रॅक्सपर्ट हे मोफत साधन त्यासाठी उत्तम आहे. मात्र दीर्घिकेच्या अंगावर नमुन्याचा बिंदू ठेवू नका, नाहीतर तिचे बाहेरचे हातच आकाश समजून काढले जातील. त्यानंतर रंग जुळवा, आणि सर्वांत शेवटी ताणा, म्हणजे अंधूक भाग उजळवा, थोडं थोडं, पाच-सहा वेळा.

ताणताना आकाश पूर्ण काळं करायचा मोह होतो. करू नका. दीर्घिकेचे सर्वांत फिकट हात त्या जवळजवळ काळ्या राखाडीतच असतात. आकाश काळं केलंत तर पंधरा तासांतले शेवटचे दहा तास स्वतःच्या हाताने पुसलेत.

फोटोत एका कडेला गुलाबी ठिपका आलाय. काही चुकलं का?

काहीच चुकलं नाही, तो सापडल्याबद्दल मनापासून अभिनंदन! तो एनजीसी ६०४ (एनजीसी ही आकाशातल्या अंधूक वस्तूंची मोठी यादी), दीर्घिकेच्या केंद्रापासून ईशान्येला सुमारे १२ कलांवर. विल्यम हर्शेलला तो १७८४ साली दिसला होता. तो त्या दीर्घिकेतला तेजोमेघ आहे, तारे जन्माला येण्याची जागा. मृगातला आपल्या ओळखीचा तेजोमेघ साधारण २५ प्रकाशवर्षं रुंद आहे. हा सुमारे १५०० प्रकाशवर्षं.

माझा पहिला नीट आलेला फोटो मी सासूबाईंना दाखवला होता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, नाक पडद्याला लागेल इतक्या जवळ गेल्या आणि त्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे कुंकू कुणी लावलं?" मी त्यांना सांगितलं की तिथला हायड्रोजन तरुण ताऱ्यांच्या प्रकाशाने पेटून लाल दिसतो आहे, आणि दुसऱ्या दीर्घिकेतली ही जागा आपल्या शेवग्याखालून दिसते आहे. त्या बराच वेळ बघत राहिल्या. नंतर बाहेर येऊन विचारलं, "कुठे गं ती?" मी डोक्यावर बोट दाखवलं. तिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तरी त्या मान वर करून उभ्या होत्या.

साध्या डीएसएलआरमध्ये सेन्सरवरचा फिल्टर हा लाल रंग बराच अडवतो, म्हणून ठिपका गुलाबी आणि लहान येतो. बदल केलेल्या कॅमेऱ्यात हातांवर असे डझनभर ठिपके दिसतात.

रंग खरे असतात की भरलेले?

कॅमेऱ्याने घेतलेलेच असतात, आपण त्यांची तीव्रता वाढवतो. हात निळसर, कारण तिथे तरुण उष्ण तारे. मध्य पिवळसर, कारण तिथे जुने तारे जास्त. नवीन प्रणाली मात्र फोटो धारदार करताना कधी नसलेले तपशीलही रचतात. माझा नियम असा: रचलेल्या मूळ फोटोत नुसतं ताणून जे दिसत नाही ते अंतिम फोटोत ठेवायचं नाही. दीर्घिकेने पाठवलेलं तेवढंच आपलं. खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलने अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेतून घेतलेल्या काचेच्या फोटो-प्लेटांवर या दीर्घिकेत ३५ सेफिड तारे (ज्यांच्या उजळण्या-मंदावण्यावरून अंतर काढता येतं असे) शोधले आणि १९२६ साली दाखवून दिलं की हा धुरकट डाग आकाशगंगेबाहेरचं ताऱ्यांचं विश्व आहे. त्या प्लेटांवर जे नव्हतं ते त्याने धरलं असतं तर?

शेजाऱ्यांचा दिवा थेट दुर्बिणीवर येतो. सांगावं का?

सांगावं, पण आधी फोटो दाखवावा. आमच्या मागच्या काकांचा गॅलरीतला दिवा रात्रभर चालू असायचा. मी छापलेला फोटो घेऊन गेले, कुठून काढला ते सांगितलं. आता दर अमावास्येला तेच विचारतात, "आज बंद ठेवू का?" नगरपालिकेच्या खांबावरच्या दिव्याचं काही होत नाही, त्या बाजूला मी तारेवर जुनी काळी चादर टाकते. दिव्याला खाली बघणारी टोपी असती तर रस्ताही जास्त उजळला असता आणि आकाशही वाचलं असतं. हे होण्यासारखं आहे, आणि आपण ते मागत राहिलं पाहिजे.

यापेक्षा गावाबाहेर गेलेलं बरं नाही का?

जमलं तर जरूर जा. आकाश दहापट काळं असेल तर तिथल्या एका तासात इथल्या दहा तासांचं काम होतं. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे, मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम घेतं. नवख्या माणसाने एकदा अशा लोकांबरोबर जावं. विदर्भातल्यांना तर पेंच व्याघ्र प्रकल्प जवळ आहे; जानेवारी २०२४ मध्ये तो भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे काळं आकाश जपणारी मान्यताप्राप्त जागा, ठरला.

पण गाडी भरा, दोन तास जा, माउंट जुळवा, पहाटे परत या, हे वर्षातून तीन-चारदा होतं. परसदारात जेवण झालं की दहा पावलांवर दुर्बीण असते. माझ्या वह्यांत साठ रात्री लिहिलेल्या आहेत, त्यातल्या चोपन्न इथल्या.

स्वतः फोटो रचणारी छोटी स्मार्ट दुर्बीण घेतली तर?

घ्या, त्यात कमीपणा नाही. ५० मिलिमीटरच्या अशा दुर्बिणीच्या चौकटीत ही दीर्घिका काठोकाठ मावते. ज्यांना पाठ वाकवून माउंट जुळवणं शक्य नाही त्यांच्यासाठी आणि शाळांसाठी ती फार चांगली. वेळेचा हिशेब मात्र तिलाही तोच. वीस मिनिटांत डाग, चार तासांत हात.

ही जमल्यावर पुढे कोणती?

त्याच मोसमात दक्षिणेकडची एनजीसी २५३ घ्या. साताऱ्यातून ती ४७ अंश चढते. लंडनवाल्यांना ती क्षितिजाला चिकटलेली मिळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये सिंहेतल्या तीन दीर्घिका एकाच चौकटीत मावतात. एप्रिल-मेमध्ये नरतुरंगातली एनजीसी ५१२८, मधोमध धुळीचा काळा पट्टा असलेली. ती आमच्याकडे जेमतेम २९ अंश वर येते आणि माझ्या परसदारातून दक्षिणेला अजिंक्यतारा आडवा येतो, म्हणून तिच्यासाठी तिकाटणं घेऊन नणंदेच्या गच्चीवर जावं लागतं. यंदा तिचे तीन तास झालेत, अजून पाच हवेत.